एका पंखाचं विमान

६ जानेवारी २०२५, सोमवार

उडालं! एका पंखाचं विमान उडालं — आणि ते माझं नाही.

दुसऱ्या वर्षाची दिपाली बिडगर. डिसेंबरात उड्डाण मंडळात आली. पाचोडकडची, मेंढपाळाची पोरगी. बजाजनगरला चुलत्याकडं राहते. तोपर्यंत तिनं हा खेळ पाहिलासुद्धा नव्हता. घरी संगणक नाही. लॅबमध्ये बसते तेवढंच.

खेळ तसा साधा. पडद्यावर सुटे भाग मिळतात — पंख, इंजिनं, टाक्या, चाकं, शेपट्या. हवे तसे जोडायचे, धावपट्टीवर ठेवायचं, उडवायचं. कोसळलं की बटण दाबून पुन्हा पहिल्यापासून. मंडळाचा नियम एकच, तो मीच केलाय — नेहमीच्या विमानासारखं दिसणारं विमान चालणार नाही.

मी जुलैपासून गोल पंखाच्या मागं आहे. बांगडीसारखा पंख, मधोमध वैमानिक. सत्तर वेळा पडलं. सत्तर! काल वाटलं, आता जमतंय. आणि आज ही पोरगी. उजव्या टोकाला वैमानिकाची खोली. तिथून सगळाच्या सगळा पंख डावीकडं. मधे इंजिन, त्याच्या मागं शेपटी, पार डाव्या टोकाला पाण्याची टाकी. खोलीच्या उजवीकडं काहीच नाही! कुणीतरी विमान मधून कापून अर्धं घरी नेल्यासारखं.

वाकडं धावलं. उचललं. टेकड्यांवरून वळून आलं आणि उतरलं. एक भाग तुटला नाही.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. दोन-तीन.

७ जानेवारी

तिला विचारलं, हे सुचलं कुठून?

"आमच्यात एक मेंढी हुती सर. पुढचा उजवा पाय नव्हता तिला. मान डाव्या अंगाला टाकून पळायची. कळपाच्या म्होरं राहायची. मग मी म्हणलं, वजन नीट टाकलं तर एका अंगानं बी जमंल."

मेंढी! मी एम.टेक. केलंय.

नोमान बाजूला उभा होता. लॅब असिस्टंट, आठ वर्षं इथं आहे, पोरं त्याला चाचा म्हणतात. हसत म्हणाला, "सर, आपके सत्तर हुए. इसके कितने गिरे, पूछो तो."

विचारलं. एकोणीस.

नोमानचं ते हसणं लक्षात ठेवलंय.

९ जानेवारी

पुण्याहून पत्र आलं. २२ मार्चला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. आपलाच खेळ, आपलाच प्रकार — 'अपारंपरिक विमान'. ओझं घेऊन उडायचं, दिलेली फेरी मारायची, न मोडता उतरायचं. जिंकणाऱ्या संघाला तिथल्या एका ड्रोन बनवणाऱ्या कंपनीत सहा महिने शिकायला घेणार.

प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. सहा वर्षं दर जूनला माझी नवी ऑर्डर निघते, दर मे महिन्यात मी त्यांच्या दाराबाहेर उभा असतो. म्हणाले, "विश्वजीत, पुण्याहून काहीतरी आणा. मग कायमचं बघू."

गोल पंख आज पुन्हा पडला. दोनदा.

१३ जानेवारी

आज मंडळाच्या बैठकीत दिपालीला उभं केलं. म्हणालो, पुण्यात परीक्षक इंग्रजीत विचारतील, सराव म्हणून तुझं विमान इंग्रजीत समजावून सांग. तीसेक पोरं होती.

फळ्यापाशी गेली. खडूनं विमान काढलं — एका रेघेत, हात न उचलता. मग तोंड उघडलं.

"धिस इज... धिस इमान..."

"विमान," मी म्हणालो. "व. वि."

"विमान. धिस विमान हॅज वन... वन..."

थांबली. मी मदत केली नाही. घड्याळाकडं बघत राहिलो. दोन मिनिटं जाऊ दिली. फळ्यापाशी उभ्या माणसाला दोन मिनिटं लई मोठी असतात. मागून शिवराज — संस्थेच्या एका विश्वस्तांचा पुतण्या — मेंढीसारखा ओरडला. बेंऽऽ! सगळी लॅब हसली. मेंढीची गोष्ट मीच सकाळी पोरांना सांगितली होती.

"मराठीत सांगते सर."

"पुण्यात तुझी ही मराठी कळायची नाही कुणाला."

पुन्हा हशा. ती जागेवर जाऊन बसली. रडली नाही. वही उघडून आकडे मांडायला लागली. नोमान मात्र माझ्याकडं बघत होता.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू — लई बरं वाटलं.

१४ जानेवारी, संक्रांत

दिपालीनं तिळगूळ दिला. "गोड बोला सर." साधी आहे, की टोमणा होता?

१८ जानेवारी

गोल पंख सोडला.

सकाळपासून तिचं विमान आठवणीनं बांधत होतो. खेळात दोन गोळे दिसतात — पिवळा वजनाचा, निळा उचलीचा. दोन्ही जवळ आले की विमान हवेत टिकतं. एवढं तर पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. माझे दोन्ही गोळे अगदी शेजारी शेजारी — आणि विमान धावपट्टी सोडलं की गिरकी घेऊन डोक्यावर! तेरा वेळा.

नंतर तिला चाचणी करताना मागून पाहिलं. ती उडवायच्या आधी पाडून बघते. टाकी भरून पाडते, टाकी रिकामी करून पाडते, इंजिन बंद करून पाडते. प्रत्येक वेळी कुठल्या अंगावर पडलं ते वहीत लिहिते. विचारलं, हे कशाला? म्हणाली, "पडती कशी ते कळल्याबिगर उडती का ते कसं कळंल सर?"

विमानाला 'ती' म्हणते.

२२ जानेवारी

लॅब चारला बंद करायचा नियम काढला. फक्त मंडळाच्या पोरांसाठी. वाचताना सगळ्यांना सारखा दिसतो, पण बाकीच्यांकडं घरी संगणक आहेत.

२४ जानेवारी

नोमान तिला सकाळी आठला लॅब उघडून देतो! बजाजनगरहून पहिल्या बसनं येते म्हणे. झाडूवाल्या बाई असतात तेव्हा, आणि हे दोघं. नोमानला विचारलं तर म्हणाला, "आपका नियम चार के बाद का है सर. आठ बजे का नहीं."

२८ जानेवारी

तिची फाइल घेतली.

अवघड काहीच नव्हतं. मंडळप्रमुखाला सगळ्यांच्या फाइली दिसतात. माझ्या खात्यात उतरवली, नाव बदललं. तिनं 'काळी' ठेवलं होतं, मी 'गरुड' ठेवलं. रंगही बदलला. पाच मिनिटांचं काम.

उघडून बघितलं, माझं कुठं चुकत होतं. इंजिन! तिनं ते जरासं वाकडं बसवलंय, बोटाच्या पेराएवढं. मी सरळ बसवत होतो. सरळच बसवतात की सगळे!

३ फेब्रुवारी

अर्ज भरला. संघ — शिवराज आणि मंडळातलाच सत्यम. मार्गदर्शक आणि मूळ रचना — मी.

दिपालीला बोलावून सांगितलं, मुदत संपली, दोघांचाच संघ पाहिजे होता. ती म्हणाली, "बरं सर." दारापर्यंत गेली, परत आली.

"सर, मी नुसती बघायला येऊ का पुण्याला?"

"गाडीत जागा नाही."

गाडी सात जणांची आहे.

१० फेब्रुवारी

शिवराजनं लॅबमध्ये 'गरुड' उडवायचा सराव केला. पाच वेळा पाडलं. पाडलं ते पाडलं, वर पडदा उघडा ठेवून चहाला गेला! नोमाननं बघितलं.

दुपारी माझ्या टेबलाशी आला. आवाज अगदी खाली. "सर, वो जहाज बच्ची का है. मैं पहले दिन से देख रहा हूँ. फॉर्म में उसका नाम डाल दो सर. बात खतम."

मी म्हणालो, तुझं काम संगणक पुसायचं आहे.

"वो भी करता हूँ सर. लेकिन आप नहीं डालोगे तो परसों मैं प्राचार्य साहब को बोलूँगा."

परसों.

११ फेब्रुवारी

आज दिवसभर विचार केला. नोमान बोलला तर प्राचार्य दिपालीला बोलावतील. दिपाली वही दाखवेल. त्या वहीत तारखा आहेत. एकेका पडण्याची तारीख.

दोघांनाही गप्प करायला दोन गोष्टी लागतील असं वाटत होतं. एकच पुरे.

१२ फेब्रुवारी

प्राचार्य आज बाहेरगावी, नोमान उद्या त्यांना गाठणार. प्रवेश अर्जावर तिच्या चुलत्याचा नंबर होता. सोनाजी बिडगर. वाळूजला एका कंपनीत कामाला आहे. जेवणाच्या सुट्टीच्या वेळेला फोन लावला.

मी एवढंच म्हणालो — दिपाली हुशार आहे, पण अलीकडं अभ्यासात लक्ष नाही. सकाळी कॉलेज भरायच्या आधीच येऊन बसते. लॅबमध्ये नोमान म्हणून एकजण आहे, तोच दार उघडून देतो. मी काही म्हणत नाही. तुम्ही घरचे आहात, समजून घ्या.

पलीकडं मशीनचा आवाज येत होता.

"नोमान म्हंजी..."

"हो."

"वय काय त्याचं?"

"ते मी कसं सांगू?"

यातलं एक वाक्य खोटं नाही. पुन्हा वाचून बघितलं. एकही नाही.

१३ फेब्रुवारी

सकाळी साडेआठला सोनाजी आला. कंपनीच्या कपड्यातच होता, पाळी बुडवून. बरोबर गावाकडचे दोघं. थेट लॅबमध्ये. मी मुद्दाम स्टाफरूममध्ये थांबलो, आरडाओरडा झाला तेव्हा गेलो.

दिपाली संगणकापुढं होती. नोमान दुसऱ्या टोकाला वायरी जोडत होता. दोघांच्या मधे सोळा खुर्च्या! ते कुणी बघितलं नाही. सोनाजीनं तिला दंडाला धरून उठवलं. तिची वही खाली पडली, कुणाच्या तरी पायाखाली गेली. "काका, माझं ऐका तरी... काका, तसलं काय बी नाय!" त्यानं तिच्या तोंडात मारली. झाडूवाल्या बाई मधे पडल्या — "मी रोज हिथंच असते की ओ!" — त्यांना कोण विचारतो?

नोमान हात जोडून पुढं आला. "भाई, मेरी लाइबा इससे दो साल छोटी है. खुदा की कसम, मेरी बेटी जैसी—" गावाकडच्या एकानं त्याची कॉलर धरली. नोमाननं माझ्याकडं बघितलं. "सर, आप बोलो. आप तो जानते हो सर."

मी हजेरीपट उघडला.

दहा वाजता प्राचार्यांनी नोमानला सांगितलं, उद्यापासून येऊ नका, उगाच शहरात वेगळं वळण लागायला नको. त्यानं किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवला. एकेका किल्लीला त्यानं रंगीत दोरा बांधलाय, कुठली कशाची ते कळायला. आपला डबा उचलून गेला.

प्राचार्य मला म्हणाले, "बरं झालं, तुम्ही वेळेवर घरच्यांना कळवलं."

तिची वही मी उचलली. कपाटात आहे.

१५ फेब्रुवारी

लॅब शांत आहे. काम चांगलं होतं.

१७ फेब्रुवारी

काम चांगलं होत नाही. शिवराजला उतरवता येत नाही. सत्यम विचारतो, "सर, पाण्याची टाकी डाव्याच टोकाला का?" मी सांगितलं, रचनेचा भाग आहे.

२४ फेब्रुवारी

माझी बायको श्रेया पाचोडजवळच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. रोज जाऊन येऊन करते. आज जेवताना म्हणाली, "अहो, आमच्या शाळेत खिचडी शिजवायला वच्छलाबाई आहेत ना, त्या सांगत होत्या. वस्तीवरच्या एका पोरीला शहरातल्या कॉलेजातून काढून आणलं. लॅबमधल्या माणसाचं नाव घेतात म्हणे तिच्याबरोबर. पोरगी शपथा घेते, पण बाप तिच्याशी बोलत नाही. दहा-बारा दिवसांत तीन स्थळं दाखवली. मेंढरांमागं धाडतात तिला आता."

मी भाकरी मोडली.

"कॉलेजातल्याच कुणी मास्तरानं कळवलं म्हणे. गावात त्याचं लई कौतुक चाललंय. देवमाणूस म्हणतात."

"असेल."

"मला नाही वाटत," श्रेया म्हणाली. "आधी पोरीला विचारायचं ना त्यानं. कुठलं कॉलेज असेल हो?"

"शहरात काय कमी कॉलेजं आहेत का?"

भाजी पुन्हा घेतली. भूक नव्हती, पण ताट रिकामं ठेवून उठता येत नव्हतं.

६ मार्च

मोबाइलची काच फुटली. शहागंजला गेलो. दुकानात काउंटरच्या मागं नोमान! मेव्हण्याचं दुकान आहे म्हणे. रमजान चालू आहे, ओठ सुकलेले. मला बघून उठला, खुर्ची पुढं केली. सवय.

"सर, खैरियत?"

मी काच दाखवली. त्यानं खाली मान घालून अर्ध्या तासात बसवून दिली. देताना पडद्यावर फुंकर मारून, बाहीनं पुसून दिला.

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. परतताना सगळ्या रस्त्यानं त्याच्यावरच राग येत होता.

१९ मार्च

तिची वही कपाटातून काढली. मदत होईल म्हणून. अर्धी मराठी, अर्धे आकडे, आणि कडेला तिच्याच खुणा — मेंढ्या मोजतात तशा रेघा. मला काही अर्थ लागला नाही. पुन्हा ठेवून दिली.

२२ मार्च, शनिवार. पुणे

जे झालं ते सगळं लिहितो. इथल्या वसतिगृहाच्या खोलीत बसलोय, शिवराज-सत्यम खाली जल्लोष करतायत.

सकाळची फेरी बरी गेली. एका पंखाचं विमान बघून सभागृहात लोक उभे राहिले. एक परीक्षक बाई होत्या, पांढऱ्या केसांच्या. पडद्याजवळ येऊन कितीतरी वेळ बघत होत्या. म्हणाल्या — मराठीत! — "हे कुणाच्या डोक्यातून आलं?"

"माझ्या," मी म्हणालो.

"इंजिन वाकडं का?"

"रचनेचा भाग आहे."

त्यांनी मान हलवली. मग दुपारी अंतिम फेरीचं गुपित फोडलं. अर्ध्या वाटेत ओझं हवेतच सोडायचं, आणि नंतर फेरी पुरी करून उतरायचं. तयारीला चाळीस मिनिटं.

ओझं म्हणजे आमची पाण्याची टाकी. तीच डाव्या टोकाला बसून विमान तोलून धरते. सराव केला — टाकी सुटली, आणि विमान उजवीकडं गिरकी घेऊन जमिनीत. पुन्हा. जमिनीत. सहा वेळा. शिवराज म्हणाला, "सर, तुम्हीच बनवलंय ना? सांगा की!" बाजूच्या टेबलावरची पोरं बघायला लागली.

वीस मिनिटं उरली. मी बाहेरच्या जिन्यात गेलो. मंडळाच्या ग्रुपवर तिचा नंबर अजून होता.

उचलला बापानं. "कोन?"

"मी कॉलेजचा सर. विश्वजीत सर."

"सर! तुमी व्हय?" म्हातारा केवढ्यांदा बोलला. मागं मेंढरांचा आवाज. "सोनाजीनं सांगितलं मला. लई उपकार झाले सर तुमचे. तुमच्यामुळं पोरगी वाचली. पाडवा झाला की सुपारी फोडायचीय, तुमी यायचंच."

"दिपाली आहे का? जरा अभ्यासाचं..."

"हाय की. धर गं. सर हायेत. नीट बोल."

"सर?"

मी घाईघाईत सांगितलं. असं असं एक विमान आहे, ओझं हवेत सोडायचंय, सुटलं की उजवीकडं गिरकी घेतं.

"टाकी डाव्या टोकाला हाय का सर?"

"हो."

"अन् वैमानिक उजव्या?"

"हो."

"मग ती माझीच हाय की."

"दिपाली, वेळ नाही."

मला वाटलं, आता ठेवेल. ठेवायलाच पाहिजे होता. मेंढ्या ओरडत होत्या. तिनं श्वास घेतला आणि सांगायला लागली, लॅबमध्ये सांगायची तसंच, न अडखळता.

"टाकी सोडायच्या आधी सगळं इंधन डाव्या अंगाच्या टाकीत घ्या. थेंब बी उजवीकडं ठिवू नका. मग तिला डावीकडं कलती करा, चांगली कलती, भिऊ नका. अन् तशी कलती असतानाच पाणी सोडा. ती उजवीकडं पडाया बघंल अन् आपसूक सरळ हुईल. उतरताना डावं चाक आधी टेकवा, नायतर तिचं टोक मोडंल."

"बरं. ठीक आहे."

"सर, एक इचारू?"

"लवकर."

"तुमी काय बघितलं हुतं सर? काकाला फोन केला तवा. तुमी काय बघितलं हुतं?"

मी फोन बंद केला. बारा मिनिटं उरली होती.

तिनं सांगितलं तसं केलं. शब्दाला शब्द. टाकी सुटली, विमान उजवीकडं झुकलं — आणि सरळ झालं. सभागृहात एकच आरोळी! डावं चाक आधी टेकलं. टोक मोडलं नाही.

पहिला नंबर.

२३ मार्च

परतीच्या गाडीत पोरं गात होती. मागच्या दोन जागा रिकाम्या होत्या. बॅगा ठेवल्या.

२५ मार्च

प्राचार्यांनी शाल घातली. कायमची ऑर्डर हातात दिली. सहा वर्षं! स्टाफरूममध्ये पेढे वाटले. झाडूवाल्या बाईंनी घेतला नाही. म्हणाल्या, "उपास हाय."

मंगळवारी कसला उपास म्हणा. असतो कुणाकुणाचा.

श्रेयाला सांगितलं तर तिला रडू आलं आनंदानं. "तुमच्या कष्टाचं चीज झालं." औक्षण केलं.

२६ मार्च, बुधवार

श्रेया संध्याकाळी शाळेतून आली ती चप्पल न काढता खुर्चीत बसली.

"आज त्या पोरीचे वडील, रामेश्वर बिडगर, शाळेत आले होते," ती म्हणाली. "धाकट्या पोराच्या दाखल्याला. माझं पूर्ण नाव ऐकलं आणि विचारलं, विश्वजीत सर तुमचे कोण? हात जोडले माझ्यापुढं. मॅडम, तुमचे मालक देवमाणूस."

मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढं ठेवला.

"महिन्यापूर्वी याच घरात मी तुम्हाला ती गोष्ट सांगितली. तुम्ही जेवत होतात. का नाही बोललात?"

"वाद नको म्हणून."

"मग शनिवारी तिला फोन कशाला केलात? तेही सांगितलं त्यांनी. सरांनी पुण्याहून अभ्यासाचं विचारलं म्हणे." मग माझ्याकडं बघत, "काय बघितलं होतं तुम्ही?"

दिपालीचेच शब्द. मी म्हणालो, तुला कॉलेजातलं काही कळत नाही. आवाज चढवला. तिनं चढवला नाही. उठली, माझ्या बॅगेतून डबा घासायला काढून घेतला, आणि आत गेली.

हे सगळं लिहून वही नेहमीसारखी बॅगेत ठेवतोय.

२७ मार्च, गुरुवार

सुट्या कागदावर लिहितोय. सकाळी बॅगेत डबा होता, वही नव्हती. कॉलेजात दिपालीच्या वहीसाठी कपाट उघडलं — तीही नव्हती. श्रेया नऊलाच येऊन गेली म्हणे. झाडूवाल्या बाईंनी कपाट उघडून दिलं.

श्रेया फोन उचलत नाही.

आत्ता दिपालीचा मेसेज आला. "सर, मॅडमनी तुमची वही वाचून दाखवली. आमच्या बापूनं मधी एकदा बी न थांबवता ऐकली. काका बी हुता. नोमानचाचा अन् लाइबा आलेत. उद्या धा वाजता आमी सगळे कॉलेजात येतोय. तुमी थांबा."